लोहाराचा मुलगा आणि पोलादाचे पाणी

हत्याराला पाणी देणे हा लोहारकामातील सर्वांत नाजूक भाग होय. पोलाद लाल होईपर्यंत तापवावयाचे आणि नेमक्या क्षणी पाण्यात बुडवावयाचे. क्षण चुकला की धार एक तर मऊ राहते, नाही तर ठिसूळ होऊन तुटते. तो क्षण लोहार तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखतो. ही नजर बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे येते. ती ग्रंथांत सापडत नाही.

विसाव्या शतकात, विशेषतः १९३० नंतरच्या दशकात, पाणी देण्याची एक निराळी रीत कारखान्यांतून रूढ झाली. यंत्राचा भाग तांब्याच्या वेटोळ्यात ठेवावयाचा आणि वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युत्‌प्रवाह सोडावयाचा. ज्वाळा नाही, कोळसा नाही, वेटोळ्याचा धातूला स्पर्शही नाही. तरी काही सेकंदांत त्या भागाचा केवळ पृष्ठभाग लालबुंद होतो. लगेच त्यावर पाण्याचे फवारे सोडले की वरचा थर अतिशय कठीण होतो आणि आतला गाभा पूर्वीसारखाच चिवट राहतो. मोटारीचा क्रँकशाफ्ट, दातेरी चाके, आसाचे दांडे यांना असे दुहेरी गुण लागतात. या क्रियेला प्रवर्तन-कठिनीकरण म्हणतात. वेटोळ्याचा आकार कसा असावा, प्रवाह किती सेकंद सोडावा, कठीण थर किती मिलिमीटर खोल जाईल, हे आता भाग भट्टीवर चढण्यापूर्वीच संगणकाने काढले जाते. लोहाराच्या नजरेची जागा गणिताने घेतली आहे.

या गणिताचा उगम ज्याच्या कामात आहे, त्या मायकेल फॅरडेचा पिता लोहार होता. फॅरडेने स्वतः काही वर्षे पोलादावर कष्ट केले होते, आणि विद्युत्‌-चुंबकीय प्रवर्तनाचा शोधही त्यानेच लावला. परंतु ही दोन कामे त्याच्या हातून कधी एकत्र आली नाहीत. आणि ज्या गणिताने पुढे ती एकत्र आणली, ते गणित त्याला येत नव्हते. फॅरडेच्या चरित्राकडे या अंगाने पाहिले असता त्याच्या यशाइतकेच त्याचे अपयशही अर्थपूर्ण वाटू लागते.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन येथे झाला. पिता जेम्स फॅरडे हा उत्तर इंग्लंडमधील वेस्टमोरलंड परगण्यातून पोटापाण्यासाठी राजधानीत आलेला. त्याची प्रकृती ढासळलेली असे, त्यामुळे ऐरणीवरचे काम रोज होईलच याची शाश्वती नव्हती. १८०१ साली धान्य महाग झाले तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई. कुटुंब सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. संपत्तीचा संचय आणि मानमरातब यांविषयी त्या पंथाची उदासीनता मायकेलच्या अंगी पुढे आयुष्यभर भिनून राहिली. शाळा म्हणजे लिहिणे, वाचणे आणि जुजबी अंकगणित. तेराव्या वर्षी ती संपली, आणि गणिताचे शिक्षण जे तेथे थांबले ते कायमचेच.

१८०४ साली जॉर्ज रीबो या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोचविणारा पोऱ्या म्हणून त्याला काम मिळाले आणि पुढच्या वर्षी पुस्तकबांधणीची सात वर्षांची उमेदवारी सुरू झाली. बांधणीसाठी आलेली पुस्तके हा मुलगा वाचू लागला. विश्वकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या विदुषीचे रसायनावरील संवादरूप पुस्तक यांनी त्याच्या मनाची दिशा ठरविली. वाचलेले खरे की खोटे हे तो जमेल तसा प्रयोग करून पाही. १८१० पासून तो टेटम नावाच्या गृहस्थांच्या विज्ञानविषयक व्याख्यानांना जाऊ लागला. एका व्याख्यानाचे शुल्क एक शिलिंग होते. ते थोरला भाऊ रॉबर्ट देई. तोही लोहारच होता. त्याच वर्षी पित्याचे निधन झाले.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची प्रवेशपत्रे दिली. मायकेलने व्याख्यानांची टिपणे काढली, आकृत्यांसह ती स्वच्छ उतरविली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीकडे पाठविली. १ मार्च १८१३ रोजी तो तेथे साहाय्यक म्हणून रुजू झाला. पगार थोडा होता. पण माडीवरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या मिळत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात डेव्हीबरोबर तो युरोपच्या प्रवासाला निघाला. डेव्हीच्या पत्नीने त्याला नोकराप्रमाणे वागविले. पण अँपिअर आणि व्होल्टा यांचे दर्शन त्याला याच प्रवासात घडले. १८१५ च्या वसंत ऋतूत तो परतला, तो पुन्हा प्रयोगशाळेतच.

त्यानंतरचे पोलादाचे प्रकरण फॅरडेच्या चरित्रांत बहुधा थोडक्यात आटोपले जाते. भारतीय वाचकाला मात्र ते विशेष जवळचे वाटेल. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी एतद्देशीय पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले होते. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीसमोर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते असे म्हटले होते. वस्तुतः ते दक्षिण भारतातील मुशींत तयार होई. वुट्झ हे त्याचे इंग्रजी नाव कानडी व तेलुगू भाषांतील उक्कू या शब्दावरून आले असे मानले जाते. या पोलादावर अतिशय तीक्ष्ण धार टिके. लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारे बनविणारा जेम्स स्टोडार्ट हा कारागीर त्यावर लुब्ध होता. भारतीय लोहाराला जे साधते ते इंग्लंडमध्ये का साधू नये, या प्रश्नाने तो आणि फॅरडे एकत्र आले.

१८१८ च्या सुमारास सुरू झालेले हे काम चारपाच वर्षे चालले. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात भात्याची भट्टी उभारली गेली. चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम, निकेल, क्रोमियम, इरिडियम अशा धातू पोलादात निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून मुशी तापविण्यात आल्या. चांदीचा केवळ पाचशेवा भाग घातलेले पोलाद त्यांना विशेष चांगले वाटले. १८१९ साली वुट्झच्या पृथक्करणावरचा, १८२० साली पोलादाच्या मिश्रधातूंवरचा आणि १८२२ साली त्याच विषयावरचा दुसरा निबंध प्रसिद्ध झाला. वुट्झचे रहस्य त्यातील अल्युमिनियम व सिलिकाच्या अल्पशा अंशात आहे असा फॅरडेचा समज झाला. तो चुकीचा होता. त्या पोलादाचे गुण मुख्यतः त्यातील भरपूर कार्बनामुळे आणि ते ज्या रीतीने थंड होई त्यामुळे येतात. पोलादाची अंतर्रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विद्या तेव्हा जन्मालाच आली नव्हती. पारख करावयाची ती कानसीने, आम्लाने आणि डोळ्याने. म्हणजे पित्याच्या ऐरणीवरचीच साधने घेऊन.

१८२३ साली स्टोडार्ट वारला आणि काम थांबले. बाजाराला लागणारे स्वस्त व खात्रीचे पोलाद हाती आले नव्हते. राहिले ते काही नमुने, आणि मित्रांना भेट देण्यासाठी त्या पोलादाचे काही वस्तरे. योगायोग असा की १८२२ सालीच पॅरिसमध्ये जोसेफ फूरिअरचा उष्णतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तापलेल्या पदार्थात उष्णता एका बिंदूपासून शेजारच्या बिंदूकडे कशी सरकते, याचे समीकरण त्यात होते. पोलादाला पाणी देताना आत काय घडते, हे ज्या समीकरणाने सांगता आले असते ते असे खाडीपलीकडेच छापले जात होते. परंतु त्याची लिपी भट्टीसमोर उभ्या असलेल्या या माणसाला वाचता येण्याजोगी नव्हती.

दरम्यान १८२१ च्या सप्टेंबरात फॅरडेने चुंबकाभोवती प्रवाहवाहक तार फिरती ठेवण्याचा प्रयोग यशस्वी केला. याच वर्षी सारा बर्नार्डशी त्याचा विवाह झाला होता. या शोधाने कीर्ती मिळाली, त्याबरोबर किटाळही आले. विल्यम वुलस्टन यांच्या कल्पनेचा उल्लेख न करता त्याने ती उचलली, अशी कुजबुज झाली. १८२४ साली रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्याचे नाव आले तेव्हा खुद्द डेव्हीने विरोध केला. मतपेटीत एकच काळी गोळी निघाली आणि फॅरडे निवडला गेला. ज्या गुरूच्या व्याख्यानांची वही त्याने भक्तीने बांधली होती, त्याच्याकडून ही वागणूक मिळाली. फॅरडेने डेव्हीविषयी कटू बोलणे आयुष्यभर टाळले. पुढे प्रकाशीय काचेवरील संशोधनाचे रुक्ष काम त्याच्या गळ्यात पडले, आणि १८२५ नंतरची कित्येक उमेदीची वर्षे तो पुन्हा भट्टीसमोर घाम गाळत राहिला. तेही काम पोलादाप्रमाणेच निष्फळ वाटले. १८३१ मध्ये त्याने ते सोडले.

त्या वर्षीच्या २९ ऑगस्टला फॅरडेसमोर मऊ लोखंडाच्या सळईचे जोडकाम करून केलेले एक कडे होते. त्याची जाडी पाऊण इंचाहून थोडी अधिक आणि बाहेरचा व्यास सहा इंच. कड्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी होती. तारेचे वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि मांजरपाट गुंडाळलेले होते. एका वेटोळ्याला विद्युत्‌घटमाला जोडताच दुसऱ्या वेटोळ्याजवळची सूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. घटमाला तोडताच ती उलट दिशेला हलली. प्रवाह अखंड वाहत असताना काहीच घडत नव्हते. घडत होते ते केवळ बदलाच्या क्षणी. १७ ऑक्टोबरला त्याने वेटोळ्यात चुंबकाची कांडी खुपसून प्रवाह निर्माण केला. २८ ऑक्टोबरला मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड प्रवाह मिळविला. २४ नोव्हेंबरला हे सारे रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले.

तबकडीच्या प्रयोगाला एक पूर्वपीठिका होती. तांब्याची तबकडी फिरविली की तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागे फिरू लागते, असे फ्रान्समध्ये आरागोने दाखविले होते. पण कारण कोणालाच उमगले नव्हते. फॅरडेने उलगडा केला की, चुंबकाजवळून सरकणाऱ्या धातूच्या अंगातच प्रवाह उत्पन्न होतात. त्यांना तारेची वाट लागत नाही. नदीतल्या भोवऱ्यांसारखे ते धातूच्या आतच वळसे घेतात. यांनाच पुढे आवर्त प्रवाह हे नाव मिळाले. प्रवाह वाहिला की उष्णता निर्माण होते, तिचे प्रमाण जेम्स जूलने १८४० नंतरच्या काही वर्षांत मोजून दाखविले. मात्र अभियंत्यांच्या दृष्टीने ही उष्णता म्हणजे दीर्घकाळ निव्वळ नुकसान होते. यंत्रांचा गाभा अखंड न ठेवता पातळ पत्र्यांच्या थरांनी बांधण्याची रीत ते टाळण्यासाठीच निघाली. या नुकसानीतूनच कामाची उष्णता काढता येईल, हे शतकाच्या अखेरीस आणि पुढच्या शतकात हळूहळू उमगत गेले.

शोधापेक्षाही फॅरडेची मोठी देणगी म्हणजे त्याची पाहण्याची रीत. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस भुरभुरला असता जी वळणे उमटतात, त्यांना तो बलरेषा म्हणे. त्या काळच्या गणितज्ञांच्या मते चुंबक दूरच्या पदार्थावर मधल्या पोकळीची पर्वा न करता थेट परिणाम करी. फॅरडेला हे पटेना. परिणाम जो काही जातो तो मधल्या प्रत्येक स्थळातून, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातो, असे त्याचे मत होते. गणितज्ञांना ही एका अशिक्षिताची चित्रमय भाषा वाटली. ती अवहेलना त्याला जाणवत असे, आणि आपले गणिताचे उणेपण तो लपवीतही नसे. १८५६ च्या सुमारास जेम्स क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने बलरेषांवर गणिती निबंध लिहून फॅरडेकडे पाठविला. एवढ्या गणिताचा मारा पाहून फॅरडे प्रथम धास्तावला. मग आपला विषय तो मारा किती छान सोसू शकतो याचे त्याला नवल वाटले. पुढे त्याने मॅक्सवेलला विनंती केली की, गणितज्ञांनी आपले निष्कर्ष साध्या भाषेतही सांगावेत, म्हणजे त्याच्यासारख्यांना प्रयोग करून ते पडताळता येतील. ही विनंती एका वृद्ध कीर्तिवंताने पंचवीस-सव्वीस वर्षांच्या तरुणाला केली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्यातील नम्रता कळते.

आज प्रवर्तन-कठिनीकरणाची प्रतिकृती संगणकात उभी केली जाते तेव्हा नेमके काय केले जाते, हे पाहण्याजोगे आहे. यंत्राचा भाग, वेटोळे आणि भोवतालची हवा यांचे हजारो लहान घटकांत विभाजन करतात. मॅक्सवेलच्या समीकरणांनी प्रत्येक घटकातील आवर्त प्रवाह काढतात, प्रवाहावरून उष्णता, आणि फूरिअरच्या समीकरणाने ती उष्णता शेजारच्या घटकांत किती गेली हे काढतात. अडचण अशी की धातूचे गुण तापमानागणिक बदलतात. सेकंदाला दहा हजार आवर्तनांचा प्रवाह थंड पोलादात मिलिमीटरच्या जेमतेम पाव हिश्श्यापर्यंत शिरतो. परंतु सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाचे चुंबकत्व जाते आणि तोच प्रवाह सुमारे पाच मिलिमीटर खोल पसरतो. म्हणून एका क्षणाचा हिशेब संपला की नव्या तापमानाने प्रवाहाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, मग पुन्हा उष्णतेचा. असे पायरीपायरीने पुढे जावे लागते. तापून ऑस्टेनाइट झालेला थर पाण्याच्या फवाऱ्याने झपाट्याने निवला की त्याचे मार्टेन्साइट हे कठीण रूप होते. कोणत्या घटकात हे रूपांतर झाले आणि त्यामुळे भागात कोणते ताण साठले, हे अखेरीस दिसते. गणित चुकीचे असेल तर दात्याच्या मुळाशी चीर पडते किंवा आस चालत्या गाडीत तुटतो; म्हणून प्रत्यक्ष भाग कापून, कठीणपणा मोजून प्रतिकृतीची परीक्षा घ्यावीच लागते.

या सर्व आकडेमोडीचा कणा एकच आहे: प्रत्येक घटक फक्त आपल्या शेजाऱ्याचे ऐकतो. फूरिअरने उष्णतेविषयी जे समीकरणात लिहिले, तेच चुंबकत्वाविषयी फॅरडेने कीस पाहून मनाशी धरले होते. तापमान आणि चुंबकत्व यांचे नातेही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. निरनिराळ्या धातू थंड करून वा तापवून त्यांचे चुंबकत्व कसे पालटते, यावर १८३६ साली त्याने प्रयोग प्रसिद्ध केले होते. सूत्रे मॅक्सवेलची खरी, आणि त्यांच्यावाचून संगणकाला एक पाऊलही टाकता आले नसते. परंतु ज्या चित्रावरून ती सूत्रे लिहिली गेली ते चित्र गणित न येणाऱ्या माणसाचे होते.

फॅरडेची उत्तरायुष्यातील वाट सोपी नव्हती. १८४० च्या आगेमागे त्याची प्रकृती खचली आणि स्मृती दगा देऊ लागली. केलेला प्रयोग आपण केला होता हे विसरू नये म्हणून रोजनिशीतील परिच्छेदांना तो क्रमांक देत असे. हे क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. १८४५ साली प्रकाशावर चुंबकत्वाचा परिणाम होतो हे त्याने सिद्ध केले, ते त्याच जड काचेच्या तुकड्याने, जिच्यापायी पूर्वीची वर्षे वाया गेली असे वाटले होते. सरदारकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. मुलांसाठी नाताळातील व्याख्याने मात्र तो आनंदाने देत राहिला.

रॉयल इन्स्टिट्यूशनमधले त्याचे अखेरचे शुक्रवारचे व्याख्यान २० जून १८६२ रोजी झाले. विषय होता सीमेन्सची वायुभट्टी. तिच्याच तत्त्वावर पुढे पोलादाचे मोठे कारखाने उभे राहिले. व्याख्यान चालू असता टिपणांचा कागद चुकून जळाला, आणि आता आपल्याला थांबले पाहिजे हे त्याने श्रोत्यांना सांगितले. लोहाराच्या घरात सुरू झालेल्या आयुष्याचे जाहीर कार्य असे भट्टीच्याच वर्णनाने संपले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हँप्टन कोर्ट येथील घरी, खुर्चीत बसल्या बसल्या, त्याचा देहान्त झाला. त्याचे दफन हायगेटच्या दफनभूमीत अगदी साधेपणाने झाले.

पोलादाची ती अपुरी राहिलेली कहाणी मात्र तेथे संपली नाही. प्रवर्तनाच्या शोधाला १९३१ साली शंभर वर्षे झाली, त्याच वर्षी धातुविद रॉबर्ट हॅडफील्ड यांनी लंडनमध्ये एका लाकडी पेटीत जपलेल्या फॅरडेच्या पोलादी नमुन्यांची तपासणी करून त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ७९ लहान तुकडे होते ते. काहींत प्लॅटिनम व ऱ्होडियम आढळले. मिश्रधातूंच्या पोलादाची जी विद्या हॅडफील्ड यांच्या पिढीने उभारली, तिची वाट हा माणूस शंभर वर्षांपूर्वीच चाचपीत होता, हे त्यातून स्पष्ट झाले. नेमक्या त्याच दशकात कारखान्यांतून तांब्याची वेटोळी पोलादाला पाणी देण्याच्या कामी लागली. फॅरडेच्या दोन उद्योगांची गाठ अखेर पोलादाच्या काही मिलिमीटर जाडीच्या थरात पडली. ती पाहण्यास तो नव्हता, आणि असता तरी तिचा हिशेब त्याला मांडता आला नसता. परंतु वेटोळ्यातला भाग लाल होताना पाहून पाणी सोडण्याचा क्षण कोणता, हे त्या लोहारपुत्राने कदाचित रंगावरूनच सांगितले असते.